बँकोचं त्रिपिंडी

आजवर माझ्या वर्गात मॅकबेथ अकरा वेळा मेला. अकराही वेळा कुणाच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. सहाव्या की सातव्या वर्षी एक मुलगी ओढणीनं डोळे पुसताना दिसली, तेव्हा मी हर्षभरित होऊन तिच्या बाकापाशी धावले. तिच्या डोळ्यात खडूची भुकटी गेली होती. डस्टर मीच झटकला होता.

मी मूळची नाशिकची, म्हणजे शिरवाडकरांच्या गावची. त्यांनी 1954 साली मॅकबेथचा ‘राजमुकुट’ केला आणि 1970 साली लिअर राजाच्या सावलीत ‘नटसम्राट’ उभं केलं. त्यामुळे शेक्सपिअर हे आमच्या गावातलं घरगुती प्रकरण आहे, अशा समजुतीत मी वाढले. एम.ए.ला ॲरिस्टॉटल पाठ केला. शोकांतिका बघताना माणसाच्या मनात करुणा आणि भीती दाटून येते, मग त्यांचा निचरा होतो आणि माणूस हलका होऊन घरी जातो, हे मी परीक्षेत तीनदा लिहिलं आणि तिन्हीदा मार्क मिळवले. मग लग्न झालं आणि मी बनारसला आले. ॲरिस्टॉटल काही बनारसला आलेला नव्हता.

इथल्या माणसाला मरणाची भीती घालणं म्हणजे नाशिककराला द्राक्षाचा घड दाखवून ‘हे काय आहे ओळखा’ म्हणण्यासारखं आहे. लांबलांबून माणसं इथं मरायला येतात, त्यासाठी खोली घेऊन राहतात, आणि ठरल्या मुदतीत मरण आलं नाही तर जरा ओशाळून परतीचं तिकीट काढतात. शेवटच्या क्षणी खुद्द विश्वनाथ कानात तारक मंत्र सांगतो, अशी इथं प्रत्येकाला खात्री. अशा गावात, पाचव्या अंकात मेलेल्या एका स्कॉटिश सरदारासाठी हळहळायला मी मुलांना सांगत होते. शाळाही अशी की मागच्या गल्लीतून मणिकर्णिकेची वाट जाते. (शाळेचं नाव सांगत नाही. तिथून पेन्शन यायचं आहे.)

घरी परिस्थिती याहून बिकट. ब्रह्माघाटावरचा आमचा वाडा. आजूबाजूला काही पिढ्यांपूर्वी येऊन राहिलेली मराठी घरं. त्यांच्या मराठीत भाजीला तरकारी म्हणतात आणि किल्लीला चाबी. मामंजी संस्कृतचे निवृत्त शिक्षक. शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाला 1674 साली काशीहून गागाभट्ट गेले होते, ही गोष्ट ते अशी सांगतात, जणू भट्टजी जाताना वाड्याची चाबी आमच्याकडे ठेवून गेले होते. नोकरी लागली त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, “काय शिकवणार तू?”

“मॅकबेथ. सेनापती राजाला मारतो आणि स्वतः राजा होतो.”

“राज्याभिषेक कुणी केला?”

“स्कोन नावाच्या गावी झाला, एवढंच आहे.”

“पुरोहिताचं नाव?”

“दिलेलं नाही.”

“मुहूर्त?”

“नाही.”

“मग टिकायचं नाही,” असं म्हणून मामंजींनी पानाचा डबा उघडला. चारशे वर्षांत या नाटकावर ढिगानं पुस्तकं लिहिली गेली. मामंजींनी नाटक न वाचता ते अर्ध्या मिनिटात निकालात काढलं, आणि निकाल बरोबर होता.

पुढे त्यांनी भरतमुनी काढले. रंगमंचावर वध दाखवू नये, हा आपला दंडक. मी सांगितलं की डंकन राजाचा खून पडद्याआडच होतो, मॅकबेथ नुसते रक्ताळलेले हात घेऊन बाहेर येतो. मामंजींचा चेहरा खुलला. “म्हणजे माणूस शिकलेला होता.” मॅकबेथची बायकोसुद्धा पडद्याआडच मरते म्हटल्यावर तर शेक्सपिअर त्यांना जवळजवळ आमच्या पाठशाळेचाच विद्यार्थी वाटू लागला. शेवटी मॅकबेथचं कापलेलं मुंडकं रंगमंचावर आणतात हे मी लपवणार होते, पण मला खोटं बोलता येत नाही.

“मुंडकं? सर्वांसमोर?”

“हो.”

“इथं घसरला,” मामंजी खिन्नपणे म्हणाले. त्या नाटकाबद्दल आमच्या घरात कुणी खिन्न झाल्याचा तो पहिला प्रसंग.

वर्गात पहिल्याच दिवशी मी वातावरणनिर्मिती करायची ठरवली. खिडक्या लावून घेतल्या, आवाज खाली आणला आणि सांगितलं, की इंग्रज नट नाट्यगृहात या नाटकाचं नाव तोंडातून काढत नाहीत. अपशकुन होतो म्हणून नुसतं ‘स्कॉटिश नाटक’ म्हणतात.

“तो मैम, आप क्यों बोल रही हैं?” मागून आवाज आला आणि त्याच क्षणी वीज गेली. पंखा थांबला. मे महिना होता. त्या वर्षी सहामाहीच्या बत्तीस उत्तरपत्रिकांत नायकाचा उल्लेख ‘तो स्कॉटिश माणूस’ असा होता. बोर्डाला काय कळवायचं, या चिंतेनं मला आठवडाभर झोप लागली नाही. झोप उडणं हे मॅकबेथचं एक प्रमुख लक्षण आहे, असं मी मुलांना शिकवलं होतं. मुलांनी ते माझ्यावरून ओळखलं.

मग चेटकिणी आल्या. ओसाड माळ, गडगडाट, तीन म्हाताऱ्या. मुलं जांभया देत होती. नावाड्याचा एक नातू सहानुभूतीनं म्हणाला, “मैम, हमारे ट्यूशन के रास्ते में रोज़ अघोरी बाबा बैठते हैं. ये तो फिर भी औरतें हैं.” कढईत काय काय टाकतात ते मी फळ्यावर लिहिलं, बेडकाच्या पायाचं बोट, पालीची तंगडी, वटवाघळाची लव, तेव्हा पंडाजींच्या मुलानं ती यादी पूजेचं सामान उतरवून घ्यावं तशी उतरवून घेतली. शेवटी त्यानं व्यावसायिक शंका काढली.

“मैम, दक्षिणा कितनी ली?”

“काहीच नाही.”

“मुफ़्त में भविष्य बताया?” वर्गात एकदम शांतता पसरली. “मैम, वहीं शक हो जाना चाहिए था.”

मॅकबेथच्या अधःपाताची कारणं म्हणून मी महत्त्वाकांक्षा, नियती आणि पत्नी अशी तीन लिहून द्यायची. त्या वर्षापासून चौथं आलं. भविष्य फुकट मिळालं. मी ते खोडलं नाही. अजून कुणी त्याला उत्तर दिलेलं नाही.

नावांचा घोळ वेगळाच. या गावाला शेक्सपिअरची नावं बदलायची जुनी खोड आहे. आमच्या वाड्यापासून जवळच चौखंभ्यात राहणाऱ्या भारतेंदु हरिश्चंद्रांनी 1880 साली व्हेनिसचा व्यापारी हिंदीत आणला, तेव्हा पोर्शियाची पुरश्री केली आणि शायलॉकचा शैलाक्ष. एवढी देखणी नावं पुन्हा कुणाला सुचली नाहीत. माझ्या मुलांनी मात्र प्रयत्न सोडला नाही. बँकोचा बाँकेलाल झाला. माल्कमचा मलकू. मॅकडफचं काहीच होईना, म्हणून तो ‘डफलीवाला’. डंकन राजाचं नाव तेवढं बदलावं लागलं नाही, कारण बनारसला डंकन आधीच होऊन गेलेला. कंपनीचा रेसिडेंट जोनाथन डंकन, ज्यानं 1791 मध्ये इथं संस्कृत कॉलेज काढलं. परिणाम उत्तरपत्रिकेत दिसला. ‘डंकन हा दयाळू राजा होता. त्याने 1791 मध्ये संस्कृत कॉलेजची स्थापना केली. त्यानंतर तो मॅकबेथकडे मुक्कामाला गेला आणि झोपेत मारला गेला.’

हे मी जेवताना हसत हसत सांगितलं. मामंजी हसले नाहीत. घास हातातच ठेवून म्हणाले, “संस्कृत कॉलेज काढणाऱ्याला?”

खरा जोनाथन डंकन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि 1811 मध्ये तिथंच वारला, हे सांगून त्यांना शांत करावं लागलं. त्या भरात मी हेही सांगून टाकलं की खऱ्या मॅकबेथनं 1040 ते 1057 अशी सतरा वर्षं राज्य केलं, आणि खरा डंकन झोपेत नव्हे, लढाईत पडला. “सतरा वर्षं!” हे पेपरातून मान वर काढून म्हणाले. “आणि तुम्ही याला शोकांतिका म्हणता? आमच्या बँकेत मॅनेजरला एका शाखेत सतरा महिने टिकू देत नाहीत.”

हात धुण्याच्या प्रवेशावर माझी फार भिस्त होती. बाई झोपेत चालते आहे, हातावरचा रक्ताचा डाग जात नाही म्हणून हात चोळते आहे. मी स्वतः टेबलाभोवती झोपेत चालून दाखवलं. (एका खुर्चीवर आपटले. ते शेक्सपिअरमध्ये नाही.) चोळचोळून माझे हात लाल झाले. साडीच्या गादीवाल्याची मुलगी गंभीरपणे बघत होती. मला वाटलं, ही रडणार.

“मैम, पानी से गलत कर रही है. रेशम का दाग हो तो पेट्रोल से निकलता है.”

“अगं, डाग हातावर आहे. खरं म्हणजे मनावर आहे.”

“मन का है तो पंचगंगा पर एक डुबकी लगा लेती,” नावाड्याचा नातू म्हणाला. “हम छोड़ आते.”

लेडी मॅकबेथच्या मरणाची बातमी येते तो तास मी कधीच विसरणार नाही. नवरा वेढ्यात सापडलेला, आतून बायकांचा आक्रोश, नोकर येऊन सांगतो की राणी गेली. त्यानंतर मॅकबेथ आयुष्याच्या पोकळपणाबद्दल जे बोलतो, ते मला तोंडपाठ आहे. मी पुस्तक मिटलं. डोळे मिटले. पहिला शब्द उच्चारणार तोच मागच्या गल्लीतून आवाज आला, “राम नाम सत्य है!” खिडकीशी बसलेला मुलगा उठला, वाकून खाली बघितलं आणि अत्यंत आदरानं मला म्हणाला, “मैम, जा रही हैं.”

सगळा वर्ग उभा राहिला. इथली रीतच आहे ती. मीही उभी राहिले. नमस्कार केला. बसल्यावर बघितलं तर तास संपलेला.

चाल करून येणाऱ्या जंगलाचं तर नावच काढू नका. शत्रूचे सैनिक झाडाच्या फांद्या हातात धरून येतात आणि लांबून जंगलच चालत येतंय असं दिसतं, हे सांगितल्यावर मणिकर्णिकेवर ज्याच्या काकांची लाकडाची टाल आहे त्या मुलानं वहीत आकडेमोड सुरू केली. एका माणसाला पाच ते सात मण धरले, तर दहा हजार सैनिकांच्या फांद्यांत किती माणसं निघतील, असा त्याचा हिशेब होता. “ओली लाकडं आहेत,” मी चिडून म्हटलं. त्यानं मान डोलावली आणि दर कमी केला.

आणि शेवटचं भाकीत! स्त्रीच्या पोटी जन्मलेला कुणीही मॅकबेथला मारू शकणार नाही. मी रहस्य ताणून धरलं. “मग कोण मारणार त्याला? विचार करा.” वर्गानं विचार केला नाही. ज्यांनी लहानपणापासून रामनगरची महिनाभर चालणारी रामलीला बघितली, कधी मैदानात, कधी तळ्याकाठी तिच्या मागं चालत, त्यांना वरदानातली पळवाट शोधायला किती वेळ लागणार? “हिरण्यकश्यप वाला चक्कर है,” चौघंपाचजण एकदम म्हणाले. मॅकडफला आईच्या पोटातून कापून काढला होता, हे मी हताशपणे सांगून टाकलं.

“मतलब सिजेरियन?”

“हो.”

“मैम, हम भी सिजेरियन हैं.”

“मैम, हम भी!”

मोजले तर बत्तीसपैकी एकोणीस हात वर होते. अर्ध्याहून जास्त वर्ग मॅकबेथला मारायला पात्र होता. उरलेल्यांची तोंडं उतरली. एका मुलानं घरी जाऊन आईशी भांडण काढलं, आणि पालकसभेत त्या बाईंनी मला विचारलं, की नॉर्मल झाला यात त्यांची काय चूक.

मुंडक्याच्या प्रवेशात निदान किळस तरी यावी, एवढीच माझी अपेक्षा उरली होती. पण तिथं पंडाजींच्या मुलानं सगळ्यांना दिलासा दिला. तारक मंत्र कानात सांगतात. कान मुंडक्यालाच असतात. म्हणजे सोय झाली.

मी हार मानली असती. पण बारावं वर्ष म्हणजे तपपूर्ती. वार्षिकोत्सवात नाटकातला एकच प्रवेश बसवायचा मी निश्चय केला. मेजवानीचा. मॅकबेथनं आपल्या मित्राला, बँकोला, मारेकरी घालून मारलेलं आहे, आणि त्याचं भूत येऊन भर पंगतीत नेमकं मॅकबेथच्याच जागेवर बसतं. ते दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. मॅकबेथ किंचाळतो, मेजवानी मोडते, बायको पाहुण्यांना घालवून देते. मी घरी तालमीचं वाचन केलं तेव्हा सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या.

“याला कुणी मारलं?”

“मित्रानंच. वाटेत गाठून.”

“म्हणजे अकाली गेला. पिशाचमोचनवर जाऊन त्रिपिंडी केलं नाही?”

मी म्हटलं, स्कॉटलंडात पिशाचमोचन कुंड नाही. तो पिंपळही नाही, ज्याच्या बुंध्यात लोकांनी अतृप्त जिवांच्या नावानं खिळे आणि नाणी ठोकून ठेवली आहेत.

“मग तुमच्या त्र्यंबकेश्वराला करायचं. तिथंही करतात की.”

“सासूबाई, नाटक 1606 च्या सुमाराचं आहे.”

“त्र्यंबकेश्वर तेव्हा नव्हतं का?”

या प्रश्नाला नाशिकच्या माणसाकडं उत्तर नसतं.

उत्सवाच्या दिवशी जे झालं, त्याची जबाबदारी मी शेक्सपिअरवर टाकू इच्छित नाही. मॅकबेथला मुकुट हवा होता, तो मुलांनी गल्लीतल्या रामलीला मंडळीकडून आणला. उत्तम होता, जरीचा, मोत्यांच्या झालरीचा. तो घालून आमचा खुनी, विश्वासघातकी, राजहत्यारा मॅकबेथ प्रवेशला, आणि पहिल्या चार रांगांतल्या आज्यांनी हात जोडले. कुणीतरी “बोल सियावर रामचंद्र की” म्हटलं आणि सभागृहानं “जय!” केलं. मॅकबेथ गोंधळला. मग त्यानं उजवा हात वर करून आशीर्वाद दिला.

लेडी मॅकबेथ माझ्या लग्नातल्या शालूत. भुताच्या चेहऱ्याला मैदा. पंगत मात्र खरी होती, ही माझी चूक. तालमी रिकाम्या पत्तलींवर झाल्या होत्या, पण एका मुलाच्या वडिलांचं कचौडीचं दुकान. त्यांनी हौसेनं गरम कचौडी, तरकारी आणि जिलबीची परात पाठवली. पत्तली मोजून आणलेल्या, जिवंत माणसांपुरत्या. भूत येऊन बसलं. त्यानं निश्चल नजरेनं मॅकबेथकडं बघायचं होतं. ते शेजारच्या कचौडीकडं बघत बसलं. मॅकबेथ किंचाळला. पाहुण्यांनी दचकायचं होतं. पाहुणे खात होते. त्याच वेळी एका उत्साही वाढप्यानं जिलबी फिरवायला घेतली.

लेडी मॅकबेथ पुढं झाली आणि स्वच्छ इंग्रजीत तिनं सर्वांना, मानपान न बघता, एकदम निघायला सांगितलं. कुणी हललं नाही. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं. एक सरदार तोंडातल्या तोंडात म्हणाला, “रुक जाओ, जलेबी गरम है.” तिसऱ्यांदा राणीचा तोल गेला. “उठते हो कि नहीं बे!” स्कॉटलंडचे उमराव धडपडत उठले. जिलब्यांनी भरलेल्या पत्तली तशाच राहिल्या आणि पडदा पडला.

मी विंगेत कपाळ धरून उभी होते. सहज फटीतून बघितलं. पहिल्या रांगेत सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. शेजारी दोन बनारसी आज्याही पुसत होत्या. एकीचं तर नाक लाल झालेलं. खडू कुठंही नव्हता. बारा वर्षं! मी पायऱ्या उतरून धावत त्यांच्याकडं गेले, सासूबाईंचा हात धरला आणि कापऱ्या आवाजात विचारलं, “कुठं लागलं तुम्हाला? मॅकबेथचं अपराधीपण?”

“अगं, भरल्या पानावरून उठवलं गं पोरांना,” सासूबाई हुंदका आवरत म्हणाल्या. “आणि तो एक मैदा लावलेला. त्याच्यापुढं तर कुणी पानसुद्धा मांडलं नाही. एवढ्या लांबून आलेला.”

त्या रात्री घाटाच्या पायऱ्या चढताना त्या बराच वेळ गप्प होत्या. वाड्याच्या दारात थांबल्या आणि मामंजींना म्हणाल्या, “अहो, येत्या सर्वपित्रीला एक पिंड जास्त करा. बाँकेलालच्या नावानं.”

मामंजींनी चाबी कुलपात घातली. “गोत्र काय त्याचं?” त्यांनी मला विचारलं.

मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि दाराच्या दिव्याखाली मागच्या टिपा चाळायला लागले.

“राहू दे,” मामंजी म्हणाले. “माहीत नसलं की काश्यप म्हणायचं.”